होटगीपर्यंत

मंगळवार पेठ, सोलापूर
मार्गशीर्षातला सोमवार

प्रिय शरणबसव,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळं बरं आहे. निंगव्वा आत्याचे गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे, दुकान चालू आहे, मीही धडधाकट आहे. वाईट बातमी एकच: तुझी पिवळी बंद पडली. दर एक जानेवारीला तुझा मेसेज येतो, ‘गाडी कशी आहे?’ आणि मी दरवर्षी ‘ठीक’ असं लिहून मोकळी होते. या वेळी तसं लिहिता येणार नाही, आणि जे लिहायचंय ते अंगठ्यानं लिहिण्यासारखं नाही. म्हणून तुझ्या धाकट्या भावाकडून, रुद्रप्पाकडून, तुझा पत्ता घेतला आणि गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा तेव्हा लिहिते आहे. मध्येच विषय तुटला तर समज, कुणीतरी ज्वारी घ्यायला आलं होतं. आज सोमवार आहे आणि मला कुठं जायचं नाही. इतक्या वर्षांत असा सोमवार आलाच नव्हता, त्यामुळे काय करावं तेही कळत नाहीये.

झालं असं. गेल्या सोमवारी नेहमीसारखं सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, गाडीचा कापडी टप उघडला आणि होटगीला गेले. स्टेशनासमोर मथुराबाईच्या टपरीवर चहा घेतला. टपरी आपल्या वेळचीच आहे, फरक एवढाच की आता बिस्किटांच्या बरणीला टेकून पैसे भरायचा क्यूआर कोड उभा असतो. परतताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी गाडी चढावर घेतली आणि आत कुठंतरी ‘कट्’ असं वाजलं. फार मोठं नाही, सुपारी फोडल्याएवढं. मग नुसती शांतता, आणि मागं कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न. मथुराबाई टपरी सोडून आली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, ‘मान टाकली की वो हिनं.’ ट्रॅक्टरवाल्यानं गाडीला एक फेरी मारली, ‘बाई, ही उचलून उसावरच टाकू का?’ असं विचारलं, आणि शेवटी दोर बांधला. अशी आपली पिवळी, सोलापुरातली एकुलती एक दोन सीटची उघडी गाडी, उसाच्या ट्रॉलीमागं बांधलेल्या वासरासारखी आसरा चौकापर्यंत आली. टप बंद करायचं मला सुचलंच नाही. घरी पोचले तेव्हा केसांत पाचट होतं.

उदयसिंहला तू ओळखतोस. तू गेलास तेव्हा तो विजापूर रोडला एका पत्र्याखाली होता. आता आसरा चौकात चार शटरचं गॅरेज आहे आणि आत देवांच्या रांगेत स्वतःचाही फोटो लावलाय. बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं इंजिन उघडलं, टॉर्च मारून आत बघितलं. मग म्हणाला, आतला रबरी पट्टा तुटला. सगळं वेळच्या वेळी फिरवणारा तोच एक पट्टा, तो तुटल्यावर वॉल्व्ह वाकले, पिस्टन फुटले, काही उरलं नाही. ‘ताई, ह्यो पट्टा साठ हजार किलोमीटरला बदलायचा आस्तो. आपलं मीटर निम्म्यालाबी न्हाय. मीबी दरवेळी मीटरच बघत ऱ्हायलो की. पण रबर किलोमीटरनं म्हातारं होत न्हाय, वर्सांनी होतंय.’ वर त्यानं आणखी एक ऐकवलं: ‘आन् ही पळवायची गाडी व्हती. तुमी तिला पालखीगत नेली.’

मला आधी हसूच आलं. कारण पट्ट्याचं हे तूच सांगितलं होतंस, किलोमीटरमध्ये. वर्षांचं काही बोलला नव्हतास. दोन वर्षांसाठी जाणारा माणूस वर्षांचं कशाला सांगेल?

तू गाडी आमच्या वखारीत आणून लावलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. अप्पांनी बैलगाडी विकून बरीच वर्षं झाली होती आणि तिची जागा मोकळीच होती. रुद्रप्पाकडं ठेवली असतीस तर त्यानं महिनाभरात कुठल्या तरी खांबाला घातली असती, हे तुलाही माहीत होतं आणि त्यालाही. पोत्यांमध्ये उभा राहून तू एकेक गोष्ट सांगत होतास. दर सोमवारी बाहेर काढ. होटगीपर्यंत ने, पुढं नको. साठच्या वर नको. टप उन्हात उघडा ठेवू नको. मी मान डोलवत होते आणि तुझ्या शर्टाच्या खिशाला लागलेलं ग्रीस बघत होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात चिंचोळीच्या एमआयडीसीत, सुट्टीच्या दिवशी सगळे कारखाने बंद असताना, तू मला गाडी शिकवली होतीस. क्लच सोडताना मी प्रत्येक वेळी डोळे मिटायची आणि तू ओरडायचास. त्या रिकाम्या रस्त्यावर मला कुणी ओरडत होतं याचं एवढं सुख वाटायचं, की नीट जमायला लागल्यावरही महिनाभर मी मुद्दाम गाडी बंद पाडत होते.

तू सांगितलेलं सगळं केलं. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यातलं पहिलं पाणी पिवळीला. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिचं लेकरू न्हातंय बघा. दसऱ्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग करायचं होतं तेव्हा रुद्रप्पाला घेऊन आरटीओच्या खेपा घातल्या. तू पहिल्या वर्षी तीन पत्रं लिहिलीस, दुसऱ्या वर्षी एक, आणि तिसऱ्या वर्षी तुझ्या लग्नाची पत्रिका आली. अप्पांनी ती वाचून माझ्याकडं न बघता गल्ल्यात ठेवून दिली. त्यानंतरच्या सोमवारी मी होटगीला गेले नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. गेले. अर्ध्या वाटेत डोळे पुसायला गाडी बाजूला घेतली एवढंच.

मग स्थळं आली. एक बागलकोटचं होतं, चांगलं होतं. मुलगा शांत, घरी कापडाचं दुकान. पोहे झाले, माझी मराठी-कानडी दोन्ही तपासून झाली, आणि जाता जाता त्या मुलाला वखारीचं दार उघडं दिसलं. त्यानं विचारलं, ही कुणाची? अप्पा ‘आमचीच’ म्हणणार होते, त्यांचं तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात मी म्हणाले, एकाची ठेव आहे. ते लोक पुन्हा आले नाहीत. निंगव्वा आत्या त्या दिवशी जे बोलली ते तुला सांगायलाच हवं. तू तुझ्या लेकीला कुंभारकन्येची गोष्ट सांगितली आहेस की नाही, माहीत नाही. तिनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, ते संन्यासी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं, आणि म्हणून दर संक्रांतीला आख्खं सोलापूर त्या लग्नाच्या अक्षता टाकायला जमतं. आत्या शेंगा निवडता निवडता म्हणाली, ‘यव्वा, त्या पोरीनं दंडाशी लगीन लावलं, तू इंजनाशी लावलंस काय?’ घरात सगळे हसले. मीही हसले.

(साखरेचं गिऱ्हाईक होतं. गेलं.)

आता आवाजाचं लिहिते, कारण खरी अडचण तिथं आहे. तू बाळीवेशीकडून वळायचास तेव्हा पिवळी आधी घसा खाकरल्यासारखी करायची आणि मग तिचा तो जाड, लांबलचक सूर गल्लीभर पसरायचा. मी माप हातातलं टाकून उंबऱ्यावर यायची. अप्पा म्हणायचे, आली बघा बारात. नंतर मीच गाडी चालवायला लागले, आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आत बसून तो आवाज तसा ऐकूच येत नाही. तो येताना ऐकायचा आवाज होता. मी ज्याच्यासाठी दर सोमवारी गाडी चालू करत होते, ते माझ्या वाट्याला कधीच येत नव्हतं. एका वर्षी मला ते इतकं सहन होईना की मी उदयसिंहला म्हणाले, सायलेन्सर जरा वेगळा वाजतोय, तू एक फेरी मारून आण, मी लांबून ऐकते. तो गेला. मी उंबऱ्यावर उभी राहिले. गाडी बाळीवेशीकडून वळली, घसा खाकरला, आणि मी, शरणू, अगदी पहिल्यासारखा पदर सावरला. वळणावरून उदयसिंहच्या मिशा दिसल्या. ‘काय वेगळं न्हाय की ताई,’ तो म्हणाला. मी म्हणाले, हो, बरोबर आहे.

तर आता प्रश्न असा, की दुरुस्त करायची की नाही, आणि करायची तर कशी. उदयसिंह म्हणतो दोन वाटा आहेत. कोल्हापुरात एका हौशी माणसाकडं अशीच एक गाडी पुढून ठोकलेली पडून आहे, इंजिन शाबूत आहे. ते आणून बसवलं तर पिवळी जशीच्या तशी, आवाजासकट. नाहीतर कुठल्याही घरच्या साध्या गाडीचं इंजिन थोडी कापाकाप करून बसतं. ते वर्षानुवर्षं कुरकुर करणार नाही, कुठल्याही गावात त्याचं सामान मिळेल, पण आवाज येईल तो गल्लीतल्या इतर दहा गाड्यांसारखाच. तिसरी वाट म्हणजे भंगार. ती त्यानं बोलून दाखवली नाही, माझ्या तोंडाकडं बघून गिळली.

मी विचारात होते तेवढ्यात रुद्रप्पा आला. दादा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येतोय, म्हणाला. वहिनी आणि पोरगीपण. पोरीला सोलापूरचं एवढंच ठाऊक आहे की तिथं बाबांची पिवळी गाडी आहे, तिला त्यात बसून फोटो काढायचाय. ‘कोल्हापूरचंच इंजन बसवा, दादाला तोच आवाज पायजे,’ असं तो दोनदा म्हणाला. आणि खरं सांगते, मला राग आला नाही. मला आनंद झाला. मी तिथल्या तिथं उदयसिंहला फोन करून कोल्हापूरचं पक्कं करायला सांगितलं. मग कपाट उघडून इरकली बाहेर काढली, ती तुझ्या आवडीची, डाळिंबी काठाची. या वयात आरशासमोर उभी राहून मी पदर लावून बघितला. तू गल्लीत येशील, गाडी चालू करशील, एक फेरी मारून वळणावरून परत येशील, आणि मी उंबऱ्यावर असेन. एवढंच. एवढ्यासाठी मी आणखी वीस वर्षं पिवळीला नळाचं पहिलं पाणी दिलं असतं.

पदर तसाच खांद्यावर ठेवून मी वखारीत गेले. गाडी गॅरेजमध्ये, जागा रिकामी. जमिनीवर चाकांच्या चार खुणा आणि मध्ये तेलाचा डाग. तिथं उभी राहून मी तो फोटो मनातल्या मनात काढायला लागले. दोन सीट. उजवीकडं तू, डावीकडं तुझी बायको, लेक बहुधा सीटमागच्या काठावर बसलेली, तुझ्या खांद्यावर हात टाकून. मी कुठं आहे ते शोधलं. मी फोन धरून समोर उभी होते. ‘अजून एक घे ना, भुवना,’ असं तू म्हणत होतास.

तेव्हा मला अक्षतांचा तो दिवस आठवला. त्यावर आपण कधी बोललो नाही. तू नंदीध्वजाबरोबर चालून आला होतास, पांढऱ्या बाराबंदीत, घामानं भिजलेला. लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. हजारो हात एकदम वर गेले, अक्षता पडल्या, तुझ्या हातातल्या अर्ध्या माझ्याच केसांत सांडल्या. आपण हसलो. तू वाकून, गर्दीतून ऐकू यावं म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणालास, तुला एक विचारायचंय. मला माहीत होतं काय विचारणार ते. घरात माहीत होतं, गल्लीला माहीत होतं. माझं उत्तर तर वर्षभर तयार होतं. तू म्हणालास, मी दोन वर्षं बाहेर चाललोय, माझी गाडी सांभाळशील? आणि मी ‘हो’ म्हणाले. दुसरं उत्तर जवळ नव्हतंच, जे तयार होतं तेच दिलं. तू खूश होऊन माझा हात दाबलास. तुला कळलंच नाही की मी कुठल्या प्रश्नाला हो म्हणाले. यात तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू गाडीचं विचारलंस, तुला गाडीचं उत्तर मिळालं. केसांतल्या अक्षता मात्र मी घरी जाऊन विंचरून काढल्या नाहीत, त्या आपोआप पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले आणि उदयसिंहला विचारलं, कोल्हापूरचं इंजिन बसवलं तर पुढं काय? तो म्हणाला, ‘त्याचंबी वय तेवढंच की ताई. जपूनच चालवावं लागंल. होटगीपर्यंत जावा, परत या.’ आणि साधं बसवलं तर? ‘मग काय, हंपीला जावा न्हाय तर हैदराबादला जावा. कोन आडवतंय?’ त्यानं हे असंच, हात पुसता पुसता म्हटलं. पण मला कुणी अडवलेलं नाही ही बातमी मला नवीन होती. होटगीला रूळ फुटतात ते तुला आठवत असेल, एक फाटा विजापूरकडं, एक वाडीकडं. मी इतकी वर्षं मथुराबाईचा चहा पीत त्या दोन्ही रुळांवरून गाड्या जाताना पाहिल्या आणि तोंड फिरवून घरी आले. विजापूरचा गोलघुमट मी अजून पाहिलेला नाही, दोन तासांवर आहे. हे ऐकून आत्या म्हणाली, ‘लई शानपन.’ ती मला म्हणाली की तुला, ते तिनं सांगितलं नाही.

तर पत्र यासाठी. कुठलं इंजिन बसवू हे विचारायला मी लिहीत नाहीये. कोल्हापूरचं मी नको म्हणून कळवलं आहे. साधं इंजिन बसवायचं तर आरटीओला मालकाची संमती लागते, आणि मालक अजून तू आहेस. मला तुझी संमती नको, शरणबसव, मला गाडी हवी आहे. माझ्या नावावर. रुद्रप्पा कागद घेऊन येईल, त्यावर सही कर. सांभाळ म्हणाला होतास, सांभाळली; आता ‘तुझीच घे’ असं एकदा म्हण. मला तू हवा होतास, अजूनही हवा असतोस, विशेषतः सोमवारी, आणि हे मी आता कुणापासून लपवणार नाही, तुझ्यापासूनही नाही. पण त्यासाठी होटगीहून परत यायची गरज नाही हे मला उशिरा कळलं. गड्ड्याला जरूर या. लेकीला पाळण्यात बसव, कुंभारकन्येची गोष्ट सांग, दोघींना पिठलं-भाकरीला आत्याकडं घेऊन ये, ती वाट बघेल. तुझ्या मुक्कामात एक सोमवार येतो. त्या दिवशी बाळीवेशीकडून कुठला आवाज येतो का म्हणून उंबऱ्यावर थांबू नकोस. नव्या इंजिनाचा आवाज तुला ओळखू येणार नाही, आणि तोवर मी फाटकाच्या पलीकडं गेलेली असेन.

होटगीपर्यंत तुझीच,
भुवनेश्वरी